सुचवणाऱ्याचे देणे

‘हे पुस्तक वाच’ असे कुणाला सांगायला फारसे काही लागत नाही. व्हॉट्सॲपवरच्या एखाद्या वाचनगटात मुखपृष्ठाचा फोटो टाकला, खाली तीन ओळी लिहिल्या, की झाले. पाच-दहा अंगठे येतात, कुणी ‘कुठे मिळेल?’ म्हणून विचारतो, कुणी ‘पीडीएफ आहे का?’ म्हणून, आणि संध्याकाळपर्यंत ते पुस्तक शुभेच्छांच्या ढिगाखाली गडप होते. पण याच गर्दीत अधूनमधून वेगळेही घडते. एकाने सुचवलेले दुसरा खरोखर वाचतो, आठ-पंधरा दिवसांनी काय पटले आणि काय खटकले ते सविस्तर कळवतो, बदल्यात स्वतःकडचे एक नाव देतो. असे वर्ष-दोन वर्षे चालले, की एकमेकांचे तोंडही न पाहिलेली ती दोन माणसे परस्परांच्या मताची वाट पाहू लागतात. या नात्याला मैत्री म्हणावे की नुसती ओळख, हा प्रश्न अनेकांना किरकोळ वाटेल. मला तो वाटत नाही, कारण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकाचे वाचन आज बऱ्याच अंशी याच नात्यावर तगून आहे. माझे म्हणणे असे की ही खरी मैत्री आहे, मात्र एका अटीवर. पुस्तक सुचवण्याबरोबर येणारे देणे सुचवणाऱ्याने पत्करले पाहिजे. समोरचा वाचक ओळखून सुचवायचे, त्याचा प्रतिवाद ऐकून घ्यायचा, आणि त्याने सुचवलेले आपणही वाचायचे. यातली तिसरी गोष्ट आपण सर्वांत जास्त विसरतो. हे म्हणणे तपासायला झाशीइतके योग्य गाव दुसरे सापडणे कठीण आहे.

झाशीशी मराठी माणसाचे नाते शाळेच्या इतिहासापुरते उरले आहे. रत्नागिरीकडचे नेवाळकर घराणे अठराव्या शतकात पेशव्यांच्या वतीने तिथे सुभेदारीवर गेले, पुढे संस्थानिक झाले, आणि त्यांच्यामागून शास्त्री, भिक्षुक, कारकून, शिलेदार असा मोठा मराठी समाज बुंदेलखंडात स्थिरावला. त्या समाजाचे वंशज आजही तिथे आहेत. त्यांचे शिक्षण हिंदीत आणि इंग्रजीत होते, व्यवहार हिंदीत चालतो, मराठी घरात उरते. लिपी एकच असल्यामुळे मराठी वाचता येणे अवघड नाही, पण वाचायचे काय हे कळणार कसे? २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. या भाषेच्या वाचनाची सरकारी व्यवस्था मात्र महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ या कायद्यावर उभी आहे, आणि तो राज्याच्या सीमेवर थांबतो. महाराष्ट्रात अनुदानित ग्रंथालये ११ हजारांच्या घरात आहेत. झाशीच्या वाचकाला त्यातले एकही उपयोगी नाही. पुण्या-ठाण्यासारखी मराठी पुस्तकांची दुकाने तिथे नाहीत. पूर्वी झेलम एक्स्प्रेसने येणाऱ्या नातेवाइकाच्या पिशवीतून दिवाळी अंक यायचे, चार कादंबऱ्या यायच्या. आता नावे फोनवर कळतात आणि पुस्तके घरपोच मागवता येतात. दोन्ही काळांत एक गोष्ट कायम राहिली आहे. कुणीतरी ओळखीच्याने ‘हे वाच’ म्हटल्याशिवाय त्या घरात पुस्तक पोचत नाही. जिथे ग्रंथपाल नाही तिथे मित्रालाच ग्रंथपाल व्हावे लागते.

एके काळी झाशीत ग्रंथांची ददात नव्हती. विष्णुभट गोडसे वरसईकरांनी ‘माझा प्रवास’मध्ये नेवाळकरांच्या वाड्यातल्या पुस्तकालयाचे वर्णन केले आहे. वेद, भाष्ये, पुराणे, वैद्यक, ज्योतिष अशा नाना विषयांचे हस्तलिखित ग्रंथ तिथे पिढ्यानपिढ्या जमवलेले होते, आणि काशीसारख्या विद्येच्या माहेरघरचे पंडितही तिथून ग्रंथ उतरवून नेत, असे ते सांगतात. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने शहर घेतले आणि त्यानंतरच्या लुटीत त्या संग्रहाची धूळधाण झाली. गोडसे भटजी त्या वेळी शहरातच होते. राणीचा पराक्रम आपण सगळे सांगतो. या ग्रंथांच्या नाशाबद्दल मात्र क्वचितच कुणी बोलतो. माझ्या युक्तिवादासाठी तो महत्त्वाचा आहे. पुस्तकांचा साठा कितीही मोठा असला तरी तो एका जागी असतो, आणि एका जागची गोष्ट एका दिवसात नष्ट होऊ शकते. दुसऱ्या कुणाला हवी होती म्हणून जी प्रत उतरवून बाहेर गेली, तिलाच काय ती टिकायची संधी. काशीच्या पंडिताने झाशीला ग्रंथ मागावा, झाशीकरांनी तो उतरवून घेऊ द्यावा, हा व्यवहार म्हणजे छापखान्यापूर्वीची वाचकमैत्रीच होती. तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ते ज्ञान संस्कृतात होते आणि एका वर्णाच्या हाती होते. गावातल्या बहुसंख्यांना त्या दारातून आत जाता येत नव्हते. म्हणून त्या काळाची आठवण हळहळण्यासाठी काढू नये. साठ्यापेक्षा देवघेव टिकाऊ असते एवढा धडा त्यातून घ्यावा.

झाशीचा तो सगळा प्रलय आपल्याला कळला तोसुद्धा एका वाचकाच्या हट्टामुळे. गोडसे भटजी घरचे कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून १८५७ मध्ये कोकणातून उत्तरेकडे निघाले होते. बंडाच्या धामधुमीत ते सापडले, लुटले गेले आणि जवळजवळ रिकाम्या हाताने परतले. त्यांनी पाहिलेले लिहून काढावे असे त्यांना सांगितले ते इतिहासकार चिंतामण विनायक वैद्यांनी. भटजींनी ते मोडीत लिहिले आणि त्यांच्या पश्चात, १९०७ मध्ये, वैद्यांनी ते प्रसिद्ध केले. मात्र वैद्यांनी मजकुरात काटछाट आणि फेरफार केले होते. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात राहिले, आणि दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मुळाबरहुकूम आवृत्ती काढली तेव्हा भटजींचा खरा आवाज वाचकांना ऐकू आला. हिंदीतले मोठे कादंबरीकार अमृतलाल नागर यांनी ‘आँखों देखा गदर’ या नावाने त्याचा अनुवाद केला. २०११ ते २०१४ या काळात त्याची तीन वेगवेगळी इंग्रजी रूपे आली. या साखळीत दरबार नाही, विद्यापीठाचा अभ्यासक्रम नाही, बाजाराची मागणीही नाही. प्रत्येक कडीवर ‘हे अमक्यांनी वाचायला हवे’ असे वाटलेला एकेक माणूस आहे. यात सुचवणाऱ्याची चूकही दिसते. वैद्यांनी मजकूर सोवळा केला, म्हणजे वाचकावर त्यांचा पुरता विश्वास नसावा. पुस्तक सुचवताना आपणही पुष्कळदा हेच करतो; ‘तुला झेपेल असे’ म्हणून सोपे काढून देतो. मैत्रीला हे शोभत नाही.

मित्राने सुचवलेले पुस्तक पटलेच पाहिजे, असेही नाही. याचा सर्वांत चांगला दाखला झाशीतच आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी १८९४ मध्ये राणी लक्ष्मीबाईंचे मराठी चरित्र लिहिले. राणीने आधी इंग्रजांच्या वतीनेच राज्य सांभाळले आणि पुढे परिस्थितीने तिला युद्धात लोटले, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. झाशीत वकिली करणाऱ्या वृंदावनलाल वर्मांनी लहानपणी घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या तोंडून राणीच्या गोष्टी ऐकल्या होत्या. त्या या चरित्राशी जुळेनात. त्यांनी ते पुस्तक बाजूला टाकले नाही. कागदपत्रे धुंडाळली, म्हाताऱ्या माणसांना भेटून आठवणी टिपल्या, आणि राणी स्वराज्यासाठी स्वेच्छेने लढली हे आपले मत मांडण्यासाठी १९४६ मध्ये ‘झांसी की रानी’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. दहा वर्षांनी, १९५६ मध्ये, महाश्वेता देवींचे पहिले पुस्तक ‘झांसीर रानी’ बंगालीत आले. त्यासाठी त्या बुंदेलखंडात हिंडल्या, तिथली लोकगीते आणि आठवणी त्यांनी गोळा केल्या. मराठी चरित्राने हिंदी कादंबरीला डिवचले आणि त्याच वाटेवर पुढे बंगाली चरित्र उभे राहिले. पारसनीसांचे सगळ्यांनी मान्य केले असते तर ही वाट तिथेच खुंटली असती. सारख्या आवडीचे लोक एकत्र येऊन एकमेकांच्या माना डोलावतात, हा वाचकगटांवरचा आक्षेप खोटा नाही. पण तो दोष माना डोलावण्याचा आहे, सुचवण्याचा नाही. ज्याने आपण दिलेले पुस्तक वाचून ‘मला हे पटले नाही, आणि का ते ऐक’ असे म्हटले, त्याने आपल्याला सर्वांत जास्त दिले.

पत्रांतून वाढलेल्या वाचकमैत्रीचे उदाहरणही याच मुलखातले आहे. महावीरप्रसाद द्विवेदी रेल्वेच्या नोकरीनिमित्त झाशीत होते. संस्कृतबरोबर मराठी, गुजराती आणि बंगालीही ते वाचत. १९०३ मध्ये अलाहाबादहून निघणाऱ्या ‘सरस्वती’ मासिकाचे संपादकपद त्यांच्याकडे आले आणि सुरुवातीचा काळ त्यांनी ते झाशीत राहूनच सांभाळले. झाशीपासून तीसेक किलोमीटरवरच्या चिरगावातला एक तरुण, मैथिलीशरण गुप्त, त्यांच्याकडे कविता पाठवू लागला. द्विवेदींनी त्याची नुसती स्तुती करून त्याला खूश ठेवले नाही. त्यांनी त्याला ब्रजभाषेतून खडी बोलीकडे वळवले, ओळी दुरुस्त करून छापल्या, काय वाचावे आणि कशावर लिहावे ते सांगितले. रवींद्रनाथांनी बंगालीत काव्यातल्या उपेक्षित स्त्रियांवर एक निबंध लिहिला होता. तो धागा घेऊन द्विवेदींनी १९०८ मध्ये ‘सरस्वती’त ऊर्मिलेविषयीच्या कवींच्या उदासीनतेवर लेख लिहिला. चिरगावच्या कवीने तो मनावर घेतला, आणि १९३१ मध्ये ऊर्मिलेला केंद्रस्थानी आणणारे ‘साकेत’ हे महाकाव्य पूर्ण झाले. बंगालीतला एक निबंध झाशीशी नाते असलेल्या एका वाचकाच्या हातून हिंदीतल्या कवीपर्यंत पोचला, आणि त्याचे फळ दिसायला तेवीस वर्षे गेली. आज संदेश पाठवून तासाभरात अंगठा आला नाही तर आपण हिरमुसतो. चांगल्या शिफारशीचे उत्तर तासाभरात येत नसते. जे पुस्तक माणसाच्या आत काही हलवते, त्याविषयी बोलायला त्याला वेळ लागतो. तो वेळ देणे हाही सुचवणाऱ्याच्या देण्याचा भाग आहे.

समोरचा वाचक ओळखून सुचवणे म्हणजे काय, याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण कृष्णराव अर्जुन केळुसकरांचे आहे. ते शिक्षक होते, चरित्रकार होते. बागेत एकटाच वाचत बसलेला भीमराव आंबेडकर नावाचा शाळकरी मुलगा त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके पुरवली, त्याच्या सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले, आणि पुढे उच्च शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. बाबासाहेबांनी आपल्या बुद्धविषयक ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्या भेटीचा उल्लेख केला आहे. त्या मुलाला केळुसकर पाठ्यपुस्तक देऊ शकले असते, नीतिबोधाचे एखादे पुस्तक देऊ शकले असते. रामायण-महाभारताचे संस्कार घरी झालेल्या आणि त्यातल्या अन्यायाविषयी प्रश्न पडणाऱ्या मुलाला त्यांनी बुद्धाचे चरित्र दिले. १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरामागे अनेक कारणे आणि दीर्घ अभ्यास आहे. सारे श्रेय एका भेटीला देणे भाबडेपणाचे होईल. पण एका माणसाने एका मुलाला नीट पाहून एक पुस्तक दिले, आणि ते त्याच्या मनात जन्मभर राहिले, हे बाबासाहेबांनीच नोंदवले आहे. वाचकमैत्री सुखवस्तू, एकजातीय मंडळींचा विरंगुळा आहे असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवावे. ती तशी होऊ शकते, अनेकदा होतेही. जातीची भिंत ओलांडून पुस्तक देण्याचे धैर्य असले, तर ती त्याहून कितीतरी मोठी होते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप प्रत्यक्ष भेटीचा. केळुसकरांनी त्या मुलाला डोळ्यांनी पाहिले होते. फोनवरच्या वाचकमित्राला आपण कधीच पाहत नाही. मग ती मैत्री कशी? याचे उत्तर मराठीतल्या एका गाजलेल्या पत्रव्यवहारात मिळते. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहत. तिथे इंग्रजी शिकवत आणि माणसांपासून दूर राहत. सुनीता देशपांडे यांच्याशी त्यांच्या भेटी मोजक्या झाल्या, पत्रे मात्र भरभरून लिहिली गेली. जीएंच्या निवडक पत्रांचा पहिला खंड या पत्रांचाच आहे, आणि सुनीताबाईंची पत्रे ‘प्रिय जी. ए.’ या पुस्तकात आहेत. पुस्तके, चित्रे, चित्रपट, लेखक यांविषयी बोलता बोलता दोघे आपापल्या एकटेपणापर्यंत, श्रद्धा-अश्रद्धेपर्यंत पोचतात. समोरासमोर इतके मोकळे होणे त्यांना जमले असते असे वाटत नाही. पुस्तकाविषयी बोलणे ही स्वतःविषयी बोलण्याची एक सभ्य आणि सुरक्षित रीत आहे. कुठल्या पात्राची आपल्याला दया आली आणि कुणाचा राग आला, हे सांगताना माणूस नकळत स्वतःला उघड करतो. तरी या आक्षेपातला खरा भाग मान्य केलाच पाहिजे. दूरचा वाचकमित्र रात्री-अपरात्री दवाखान्यात घेऊन जाऊ शकत नाही. शेजाऱ्याची जागा तो घेत नाही. पण कुठल्याच एका मित्राकडून आपण सगळे मागत नाही. शेजाऱ्याला आपले दुखणे माहीत असते, सोबत काम करणाऱ्याला आपली चिकाटी, वाचकमित्राला आपले विचार. यातला शेवटचा वाटा झाशीसारख्या गावात राहणाऱ्या मराठी वाचकाला जवळपास मिळत नसेल, तर तो दुरून मिळाला म्हणून खोटा ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक नवा आहे. पुस्तके सुचवायला आता यंत्र आहे, मग माणूस कशाला? ज्यांनी हे पुस्तक घेतले त्यांनी तेही घेतले, या हिशेबावर ॲमेझॉनची शिफारस गेल्या शतकाच्या अखेरीपासून चालते. २००७ मध्ये सुरू झालेले गुडरीड्स हे वाचकांचे संकेतस्थळही २०१३ मध्ये याच कंपनीने विकत घेतले. मोठ्या खपाच्या इंग्रजी पुस्तकांपुरता हा हिशेब पुष्कळदा बरोबर येतो, आणि त्याचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. पण हा हिशेब खरेदीच्या नोंदींवर चालतो. ज्या भाषेत हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षे लागतात, ज्या भाषेतली कितीतरी चांगली पुस्तके प्रदर्शनात, ग्रंथालयात किंवा लेखकाकडूनच हाती येतात, तिथे यंत्राकडे नोंदीच तुटपुंज्या. त्याहून मोठा फरक जबाबदारीचा आहे. यंत्राचे सुचवणे फसले तर कुणाला काही वाटत नाही. मित्राने दिलेले पुस्तक आवडले नाही तर त्याला ते विचारता येते, त्याला उत्तर द्यावे लागते, आणि पुढच्या वेळी तो अधिक विचार करून सुचवतो. शिवाय यंत्र आपल्या कालच्या आवडीवरून उद्याचे पुस्तक काढते. मित्र मात्र आपल्यात अजून न आलेली आवडही ओळखू शकतो. गुप्तांच्या कालच्या कविता पाहून कुणी त्यांना ऊर्मिला सुचवली नसती. द्विवेदींच्या लेखातून ती त्यांच्यापर्यंत पोचली, कारण कवींनी अजून काय लिहिलेले नाही याचा विचार तिथे झाला होता.

तिसरा आक्षेप माझ्या मते सर्वांत जड आहे. पुस्तकांविषयी बोलणे इतके वाढले आहे की वाचणे कमी झाले आहे. मुखपृष्ठांचे फोटो, ‘वर्षात इतकी पुस्तके वाचली’च्या याद्या, न वाचता पुढे ढकललेले परिचय, हे सगळे वाचनाची जागा घेत आहे, आणि ‘पीडीएफ आहे का?’ या प्रश्नाने तर लेखक-प्रकाशकाच्या पोटावरच पाय येतो. आक्षेप खरा आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. पण त्याने माझी अट अधिकच पक्की होते. जे आपण पूर्ण वाचले नाही ते सुचवायचे नाही. यादी टाकण्याऐवजी एकाच माणसाला एकच पुस्तक सांगायचे, आणि ते त्यालाच का, हे दोन वाक्यांत लिहायचे. चोरीची प्रत मागायची नाही, द्यायची नाही. पुस्तक महाग वाटत असेल तर आपली प्रत वाचून पाठवायची. टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये नोंदणीकृत बुकपोस्टची जुनी सवलत बंद केली तेव्हा छोट्या प्रकाशकांनी आणि वाचकांनी ओरड केली, ती रास्तच होती. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सवलतीची सेवा आली आहे. पुण्याहून झाशीला एक पुस्तक पाठवण्याचा खर्च आजही दोघांच्या चहा-नाश्त्याहून अधिक नाही. पाठवलेल्या प्रतीत पेन्सिलीने केलेल्या खुणा असतील तर उत्तमच. कुठे थांबायचे ते त्या सांगतात, आणि वाचणाऱ्याला आपल्या खुणा त्यांच्याशेजारी करता येतात. एवढे केले की बोलणे वाचनाच्या आड येत नाही, त्याच्या मागे मागे चालते.

उरला शेवटचा आणि आपल्याला सर्वांत कमी जाणवणारा प्रश्न, दिशेचा. राज्याबाहेरच्या मराठी वाचकांसाठी चांगले प्रयत्न झाले आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेने २००९ पासून पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांपर्यंत पोचवल्या. त्या महाराष्ट्राबाहेर गेल्या, परदेशातही गेल्या. ठराविक काळाने गट आपसांत पेट्या बदलतात, म्हणजे देवघेवीचे तत्त्व त्यात मुळातच आहे. १९९६ पासून इंटरनेटवर मराठी वाचक-लेखकांना एकत्र आणणाऱ्या मायबोलीसारख्या ठिकाणीही दूरदेशीच्या वाचकांनी एकमेकांना कितीतरी पुस्तके सांगितली. तरी एकूण व्यवहार पाहिला तर पुस्तकांची नावे पुण्या-मुंबईकडून बाहेर जातात, बाहेरून आत फारशी येत नाहीत. झाशी, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, तंजावर, बेळगाव इथल्या मराठी वाचकाला आपण पाहुणचार करावा तशी पुस्तके वाढतो आणि त्याने कृतज्ञ राहावे अशी अपेक्षा धरतो. त्या वाचकाजवळ आपल्याकडे नसलेली गोष्ट आहे. तो दोन भाषांत वाचतो. वर्मांच्या कादंबऱ्या, गुप्तांचे ‘साकेत’, बुंदेलीतली लोकगीते त्याच्या अंगणातली आहेत. राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने छाती फुगवणाऱ्या किती मराठी वाचकांनी वृंदावनलाल वर्मा वाचले आहेत? पारसनीसांना झाशीतून मिळालेले उत्तर किती जणांना माहीत आहे? आपल्या चरित्रकाराने एक पुस्तक लिहिले, झाशीने त्यावर एक अख्खी कादंबरी लिहून प्रतिसाद दिला, आणि आपण तो वाचलाच नाही. मैत्रीत याला उत्तर न देणे म्हणतात.

कुणी म्हणेल, मराठीच टिकत नाही तिथे हिंदी पुस्तके सुचवून घेतल्याने उरलेली मराठीही जाईल. ही भीती मला उलटी वाटते. राज्याबाहेरच्या घरात मराठी जाते ती तिला काही काम उरत नाही म्हणून. आजीशी बोलण्यापलीकडे तिचा उपयोग मुलाला दिसत नाही म्हणून. ‘तू वाचलेल्या हिंदी कादंबरीविषयी मला मराठीत लिहून कळव’ असे पुण्यातला मित्र झाशीतल्या तरुणाला म्हणतो, तेव्हा त्या मराठीला एक काम मिळते, आणि ते काम दुसरी कुठलीच भाषा त्याच्यासाठी करू शकत नाही. त्याचे मराठी अडखळेल, त्यात हिंदी वळणे येतील. ती खुडत बसू नयेत. वैद्यांनी गोडसे भटजींची भाषा सोवळी केली, आणि ती पुन्हा मूळ रूपात यायला एकोणसाठ वर्षे लागली. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आनंद सगळ्यांना झाला. पण दर्जा शासन देते, वाचक वाचक देतो. झाशीतल्या मराठी घरातली पुढची पिढी मराठी वाचेल की नाही हे कुठल्याही आदेशाने ठरणार नाही. तिला कुणीतरी नाव घेऊन, तिला ओळखून पुस्तक सुचवते का, आणि तिने काय वाचले असे मनापासून विचारते का, यावर ते ठरेल. म्हणून प्रत्येक मराठी वाचकाकडे माझे एवढेच मागणे आहे. महाराष्ट्राबाहेरचा एक वाचक आपला करा, त्याला एक पुस्तक सुचवा आणि त्याच संदेशात त्याच्याकडून एक मागा. त्याने सांगितलेले पुस्तक आधी वाचा. दुसरे सुचवायचा हक्क त्यानंतरच येतो.